फोनवरचा उजळणी संच: हृदयाचे आवाज, ईसीजी, स्लाइड आणि औषधांच्या मात्रा (प्रकल्प नोंदी)

९ जून

काम असं आहे: वॉर्ड पोस्टिंग सुरू असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना फोनवर, नेट नसतानाही, उजळणी करता येईल असा संच तयार करायचा. विषय चार घेतले आहेत: हृदयाचे आवाज, ईसीजी, हिस्टोपॅथॉलॉजीच्या स्लाइड (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या ऊतकाच्या काचा) आणि आपत्कालीन औषधांच्या मात्रा. वेळ मिळाला तर स्किल्स लॅबमधल्या (हाताने करायच्या कौशल्यांचा सराव होतो तिथल्या) स्टेशनांवर क्यूआर कोडही लावायचे. आम्ही तिघं आहोत, दोन शिक्षक आणि एक रेसिडेंट (निवासी डॉक्टर). दुसरीकडे कुणी हेच करू पाहत असेल तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी ठेवते आहे.

स्वतःचं ॲप बनवायचा विचार पहिल्याच बैठकीत सोडला. ॲप एकदा बनतं, पण अँड्रॉइड आणि आयओएसच्या प्रत्येक नव्या आवृत्तीवर ते चालतं ठेवायचं काम कायमचं मागे लागतं, आणि ज्याने बनवलं तो रेसिडेंट तोवर निघून गेलेला असतो. सगळं एका वेबपेजवर ठेवून फोनमध्ये साठवायचा पर्यायही पाहिला. तिथे आयफोनवरचं सफारी आडवं आलं. पेज होम स्क्रीनवर घेतलेलं नसेल आणि सफारी वापरताना ७ दिवस त्या पेजकडे कुणी फिरकलं नाही, तर पेजने साठवून ठेवलेली माहिती सफारी पुसून टाकतं. आठवडाभर परीक्षेत गुंतलेल्या मुलांना परत आल्यावर रिकामं पान दिसणार.

म्हणून अँकी, म्हणजे प्रश्न-उत्तराची कार्डं ठरावीक अंतराने पुन्हा समोर आणणारं उजळणीचं ॲप. ओपन सोर्स आहे, कार्ड फाइलच्या रूपात वाटता येतात आणि अँकीड्रॉइड मोफत मिळतं. आयफोनचं अधिकृत ॲप मात्र विकत घ्यावं लागतं. ज्यांना ते परवडणार नाही त्यांना ब्राउझरमधून अँकीवेब मोफत वापरता येईल, पण त्याला नेट लागतं. ही असमानता पूर्ण मिटवता आलेली नाही. तूर्तास विभागात दोन टॅब ठेवायचं ठरलं आहे, पोस्टिंगच्या काळात नेऊन परत आणायचे.

लेक्चरचे व्हिडिओ संचात घालायचे नाहीत, हेही ठरलं. ४८० पीचा व्हिडिओ ५०० केबीपीएसने धरला तरी १० मिनिटांचे ३७ एमबी होतात. आणि पुन्हा पुन्हा पाहिल्याने कळल्यासारखं वाटतं, आठवत मात्र नाही. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात परत परत वाचणारे विद्यार्थी ५ मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर ज्यांनी स्वतःला आठवायला लावलं होतं ते पुढे गेले. आम्हाला आठवड्यानंतरचंच हवं आहे.

चाचणीसाठी वर्गातला सर्वांत जुना फोन मागून घेतला. यापुढे प्रत्येक गोष्ट आधी त्यावर चालवायची.

१६ जून

हृदयाच्या आवाजांपासून सुरुवात केली. विभागाच्या संग्रहात चांगलं रेकॉर्डिंग आहे, प्रत्येक क्लिप साधारण अर्ध्या मिनिटाची. मूळ वेव्ह फाइल (४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो) अर्ध्या मिनिटाला अडीच एमबीच्या पुढे जाते. म्हणून रेसिडेंटने सगळ्या क्लिप ओपस फॉरमॅटमध्ये बारीक केल्या. फाइल अगदी लहान झाल्या, पटापट उघडू लागल्या आणि आम्ही खूश झालो.

मग वर्गात ऐकवल्या. फोन टेबलावर ठेवून मायट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची मायट्रल झडप अरुंद होण्याचा आजार) मिड-डायस्टोलिक मर्मर, म्हणजे हृदय सैल पडलेलं असताना येणारा जादा आवाज, लावला. लब-डब ऐकू आलं, मर्मर नाही. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, ही नॉर्मलची क्लिप आहे ना?" कार्ड उलटलं तर खाली ठळक अक्षरांत मायट्रल स्टेनोसिस.

हे गंभीर आहे. त्या मुलीने हे कार्ड महिनाभर घोटलं असतं तर जवळपास नॉर्मल आवाजालाच मायट्रल स्टेनोसिस म्हणायची सवय तिच्या कानाला लागली असती. संच न देणं यापेक्षा बरं.

१८ जून

कारणं दोन निघाली, एकावर एक बसलेली.

पहिलं कारण फोनच्या स्पीकरचं. तो एवढासा असतो की काहीशे हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज झपाट्याने क्षीण होतो. मायट्रल स्टेनोसिसचा गडगडणारा मर्मर, लब-डबशिवायचे हृदयाचे तिसरा ध्वनी आणि चौथा ध्वनी हे सगळे नेमके खालच्या पट्टीत असतात. म्हणून तर ते ऐकायला स्टेथोस्कोपची बेल (खालच्या पट्टीचे आवाज टिपणारी वाटीसारखी बाजू) हलक्या हाताने टेकवायची असते. उलट एऑर्टिक रिगर्जिटेशनचा (एऑर्टिक झडपेतून रक्त मागे गळण्याचा) मर्मर वरच्या पट्टीतला, तो स्पीकरवरही बऱ्यापैकी ऐकू येतो. आमच्या चाचणीत तीच क्लिप नेमकी आधी लागली होती, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटून गेलं.

दुसरं कारण क्लिप बारीक करताना घुसलं. ओपस एन्कोडरला आवाज कशाचा आहे ते सांगावं लागतं. आमच्या साधनात 'बोलणं' हा पर्याय निवडलेला होता. त्या पर्यायात माणसाचं बोलणं स्पष्ट यावं म्हणून खालच्या पट्टीतले आवाज मुद्दाम गाळले जातात. म्हणजे इअरफोन लावला असता तरी मर्मर अर्धाच मिळाला असता.

सगळ्या क्लिप मूळ फाइलवरून पुन्हा तयार केल्या, 'ऑडिओ' हा पर्याय निवडून आणि बिटरेट थोडा वाढवून. आकार वाढला, पण तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही. व्हिडिओ कॉलवरून आवाज ऐकवायचा बेतही सोडला. कॉलची ॲप पार्श्वभूमीचा गोंगाट दाबतात आणि एकसुरी मर्मर त्यांना गोंगाटच वाटतो.

२१ जून

आवाजाच्या डेकमध्ये (अँकीतल्या कार्डांच्या गठ्ठ्यात) पहिलं कार्ड आता मर्मरचं नाही, तपासणीचं आहे. त्यावर ५० आणि १०० हर्ट्झचे साधे सूर आहेत. सूचना अशी: इअरफोन लावा, दोन्ही सूर ऐका. ५० चा सूर घुमल्यासारखा जाणवला तर पुढे जा. नाही जाणवला तर इअरफोन कानात नीट बसवा, कारण कानाशी फट राहिली की खालची पट्टी आधी गळते. तरीही नाही आला तर या फोन-इअरफोनवर हा डेक वापरू नका, विभागातला टॅब न्या.

एक सावधानता. जुन्या फोनचा स्पीकर पूर्ण आवाजात ५० हर्ट्झला नुसता खरखरतो. ती खरखर म्हणजे सूर ऐकू आला असा समज होतो. म्हणून कार्डावर "स्पीकरवर ऐकू नका" हे वेगळं लिहिलं.

प्रत्येक क्लिपच्या कार्डावर प्रश्नाच्या बाजूलाच ऐकण्याची जागा आणि रुग्णाची स्थिती दिली: एपेक्स (हृदयाचं टोक), डाव्या कुशीवर, बेल, किंवा स्टर्नमची (छातीच्या मधल्या हाडाची) डावी कड, पुढे वाकून बसलेला, श्वास सोडून थांबलेला. सुरुवातीला हे उत्तरात होतं. पण वॉर्डात कोणीही डोळे मिटून मर्मर ओळखत नाही, आपण कुठे आणि कसं ऐकतो आहोत हे माहीत असतंच. प्रश्नही तसाच हवा.

२ जुलै

ईसीजी. इथे अडचण लगेच दिसली म्हणून वेळ कमी गेला.

बारा लीडचा (हृदयाकडे बघणाऱ्या बारा बाजूंचा) पूर्ण कागद फोनच्या रुंदीत बसवला की छोटे चौकोन विरघळून जातात, नुसता गुलाबी रंग उरतो. २५ मिमी प्रति सेकंद वेगाने १० सेकंदांची पट्टी २५ सेंमी लांब होते. फोन आडवा धरला तरी पडदा जेमतेम १५ सेंमी. चौकोन दिसत नसतील तर पीआर इंटरव्हल (विद्युत लहर हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोहोचायला लागणारा वेळ) मोजणार कसा? मुलं मग मोजणं सोडून देतात आणि आकारावरून अंदाज बांधायला शिकतात. फर्स्ट डिग्री ब्लॉक (हाच वेळ लांबणं) तसा कधीच सापडणार नाही.

म्हणून एका कार्डावर एकच काम. ऱ्हिदमचा (ठोक्यांच्या लयीचा) प्रश्न असेल तर लीड टूची ४ ते ५ सेकंदांची पट्टी. एसटीचा (ठोक्याच्या उंच लहरीनंतरच्या भागाचा) प्रश्न असेल तर संबंधित लीडचे तुकडे एकाखाली एक. छोटा चौकोन (०.०४ सेकंद) जुन्या फोनवर बोट न लावता मोजता आला पाहिजे, ही अट. पूर्ण बारा लीडचा कागद उत्तराच्या बाजूला, चिमटीने मोठा करून बघायला.

आणखी दोन बारीक गोष्टी. एक, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी चित्रं डार्क थीममध्ये गायब झाली, काळ्यावर काळी रेघ. सगळ्यांना पांढरी पार्श्वभूमी दिली. दोन, रेसिडेंटने काही पट्ट्या मेसेजिंग ॲपवरून फोटो म्हणून पाठवल्या होत्या, त्यात चौकोनांची जाळी फाटली. आता चित्रं फक्त 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची, म्हणजे ॲप त्यांना दाबून लहान करत नाही.

ईसीजीच्या कडेला छापलेलं नाव, वय आणि नोंदणी क्रमांक कापून टाकायला एक अख्खी दुपार गेली. त्यावर रंग फासून चालत नाही. काही साधनांत तो थर नंतर काढता येतो. चित्र कापायचंच.

११ जुलै

हिस्टोपॅथॉलॉजी. स्कॅन केलेली पूर्ण स्लाइड फोनवर द्यायचं स्वप्न गणितातच संपलं. ४० एक्सला एका पिक्सेलमागे ०.२५ मायक्रॉन धरलं तर १५ मिमी बाय १५ मिमी ऊतकाचे ६०,००० बाय ६०,००० पिक्सेल होतात, म्हणजे ३६० कोटी. न दाबता साठवलं तर १० जीबीच्या वर. नेटवर अशी स्लाइड तुकड्या-तुकड्यांनी दाखवता येते, नकाशा जसा सरकवावा तसा लागेल तेवढाच भाग उतरतो. ऑफलाइन मात्र नाही.

म्हणून प्रत्येक स्लाइडची तीन दृश्यं घेतली: लो पॉवर, मग त्यातली खूण केलेली जागा, मग हाय पॉवर. लो पॉवर आधी दाखवायचा आग्रह आमच्या पॅथॉलॉजीच्या सहकाऱ्यांचा, आणि तो रास्त आहे. थेट हाय पॉवर दिलं की मुलं एका पेशीवरून निदान करतात. अवयव कोणता, रचना शाबूत आहे की मोडली आहे, हे आधी बघायची सवयच लागत नाही. कार्डावर निदान विचारण्याआधी "काय दिसतं ते सांगा" असा वेगळा प्रश्न घातला.

१९ जुलै

काही मुलांकडून तक्रार आली की स्लाइड "तपकिरी" दिसतात, न्यूक्लियस आणि सायटोप्लाझम वेगळे कळत नाहीत. स्क्रीनशॉट मागवले. स्क्रीनशॉट अगदी स्वच्छ, न्यूक्लियस निळे-जांभळे, बाकी गुलाबी, हवं तसं. दोन दिवस फाइलच्या कलर प्रोफाइलमध्ये दोष शोधण्यात गेले.

मग एक विद्यार्थी फोन घेऊनच आला. खरंच तपकिरी. नाइट लाइट सुरू होता. रात्री अभ्यास करणारी मुलं डोळ्यांना त्रास नको म्हणून तो कायम चालू ठेवतात. पडद्याचा निळा कमी केला की न्यूक्लियस रंगवणाऱ्या हिमॅटॉक्सिलीनचा निळा जातो आणि बाकीचं रंगवणाऱ्या इओसीनचा गुलाबी नारिंगीकडे झुकतो. हा बदल पडद्यावर दाखवतानाच होतो, चित्रात होत नाही. त्यामुळे स्क्रीनशॉटमध्ये तो येतच नाही. रंगाची तक्रार आली तर स्क्रीनशॉट मागू नका, दुसऱ्या फोनने त्या पडद्याचा फोटो काढून मागवा.

उपाय: प्रत्येक चित्राच्या कडेला बारीक पट्टी जोडली, पांढरा, करडा, गुलाबी, जांभळा. पांढरा पिवळट दिसला तर नाइट लाइट बंद करा. स्लाइडवरची रिकामी काच दिसत असेल तर तीही पांढरीच दिसली पाहिजे. झील-नील्सनच्या (क्षयाचे जंतू दाखवणाऱ्या रंगपद्धतीच्या) चित्रांत हे जास्तच लागतं, निळ्या पार्श्वभूमीवर लाल बॅसिलाय शोधायचे असताना पार्श्वभूमीच मळकट झाली तर शोध संपलाच. कावीळ, सायनोसिस, पुरळ अशी त्वचेची चित्रं मागाहून घालायचा विचार होता. पट्टी असूनही ती सध्या घेतलेली नाहीत. त्वचेचा रंग वॉर्डात, दिवसाच्या उजेडात, माणसावरच बघावा असं माझं ठाम मत आहे.

५ ऑगस्ट

औषधांच्या मात्रा. या डेकला सगळ्यांत जास्त वेळ लागला आणि लागायलाच हवा होता.

पहिला प्रकार जुन्या फोनवर सापडला. त्या मुलाने अक्षरांचा आकार मोठा करून ठेवला होता. कार्डावर "०.५" ओळीच्या शेवटी आणि "मिग्रॅ" पुढच्या ओळीच्या सुरुवातीला गेलं. त्याच कार्डावर खाली "०.५ मिलि" होतं, तेही तसंच तुटलेलं. घाईत वाचणाऱ्याने कुठला आकडा कुठल्या एककाशी जोडायचा? आता आकडा आणि एकक यांच्यामध्ये न तुटणारी जागा घालतो. सगळ्या कार्डांत शोध घेऊन बदललं. दशांश चिन्हाआधी शून्य हवंच, आणि पूर्ण आकड्यानंतर ".०" कधीही नको. ठिपका नजरेतून सुटला की मात्रा दसपट होते, फोनच्या पडद्यावर तो सुटतोही लवकर.

दुसरा प्रकार ॲड्रिनलिनचा. दोन कार्डं होती. ॲनाफिलॅक्सिसमध्ये (जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत) प्रौढाला ०.५ मिग्रॅ स्नायूत, १ मिग्रॅ प्रति मिलि या द्रावणाचे ०.५ मिलि. कार्डिॲक अरेस्टमध्ये (हृदय थांबल्यावर) १ मिग्रॅ शिरेतून, दर ३ ते ५ मिनिटांनी, ०.१ मिग्रॅ प्रति मिलि या द्रावणाचे १० मिलि. दोन्ही कार्डांवर प्रश्न एवढाच: "ॲड्रिनलिनची मात्रा?" आणि वर लहान अक्षरांत प्रसंग. मुलं तोंडी मात्रा बरोबर सांगत होती, पण मार्ग विचारला की अडत होती. स्नायूत द्यायचं औषध शिरेतून गेलं तर काय होतं ते वॉर्डात काम केलेल्या कुणालाही सांगायला नको.

आता प्रश्न प्रसंगातून सुरू होतो: मुंगी चावल्यावर अंगभर गांधी, आवाज घोगरा, रक्तदाब ८० वर आलेला, तुम्ही काय, किती, कुठून आणि कुठल्या द्रावणातून देणार? चारही सांगितल्याशिवाय कार्ड "बरोबर" धरायचं नाही, असं कार्डावरच लिहिलं आहे. "१:१०००" आणि "१:१०,०००" ही जुनी मांडणी काढून सगळीकडे मिग्रॅ प्रति मिलि केलं. शून्यं मोजत बसायची वेळ कुणावर येऊ नये.

९ ऑगस्ट

मात्रांचं प्रत्येक कार्ड दोघांनी वेगवेगळं तपासायचं. एकाने लिहिलं, दुसऱ्याने मूळ मार्गदर्शक तत्त्वं उघडून पडताळलं, तिसऱ्याने जुन्या फोनवर बघितलं. कार्डाच्या तळाशी तपासल्याची तारीख. गती निम्म्यावर आली, पण इथे तडजोड नाही.

२५ ऑगस्ट

वाटप झालं. पहिल्या आठवड्यात उत्साह, दुसऱ्यात कुरकुर, तिसऱ्यात अनेकांनी उघडणंच बंद केलं.

कारण साधं होतं. अँकीत रोज २० नवी कार्डं हा मूळचा आकडा असतो. रोज २० नवी घेत राहिलं तर थोड्याच काळात रोजची उजळणी साधारण दसपट, म्हणजे २०० च्या आसपास जाते. वॉर्ड, ड्यूटी, लेक्चर सांभाळून ते कुणाला जमणार? दोन दिवस चुकले की ढीग साचतो, आणि ढीग दिसला की माणूस ॲप उघडत नाही.

नवी कार्डं रोज ७ वर आणली. नवा शेड्यूलर (कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरवणारा भाग) एफएसआरएस सुरू केला, तो अँकीत २३.१० या आवृत्तीपासून आहे. त्यात किती टक्के आठवणीत राहावं ते ठरवता येतं, मूळ आकडा ९० टक्के. काही हुशार मुलांनी तो ९७ वर नेला आणि उजळणी कैक पटीने वाढवून घेतली. त्यांना परत ९० वर आणलं. फक्त मात्रांचा डेक थोडा वर ठेवला आहे, बाकी सगळे मुळावरच.

कार्डांची छाटणीही केली. एकच कार्ड आठ वेळा विसरलं की अँकी त्यावर 'लीच' अशी खूण करतं. ही यादी मुलांकडून मागवली. फार उपयोगी निघाली. बहुतेक ठिकाणी कार्डच वाईट होतं: एकात तीन प्रश्न, किंवा "कारणं सांगा" आणि उत्तरात नऊ कारणं. अशी कार्डं फोडली किंवा काढून टाकली.

८ सप्टेंबर

एका कार्डात दुरुस्ती करायची होती. नवी फाइल दिली, सगळ्यांनी ती आयात केली, काम झालं असं धरलं. व्हायव्हामध्ये (तोंडी परीक्षेत) एका मुलाने जुनंच उत्तर दिलं. फोन बघितला तर कार्ड जुनंच.

झालं असं की त्याने त्या कार्डावर स्वतःची एक टीप लिहिली होती. आयात करताना अँकी मूळ सेटिंगमध्ये जे कार्ड शेवटी बदललं गेलं ते ठेवतं. त्याची टीप आमच्या दुरुस्तीनंतरची, म्हणून त्याचं कार्ड "नवं" ठरलं आणि आमचं बाजूला पडलं. म्हणजे ज्या मुलांनी मन लावून टिपा लिहिल्या, नेमकं त्यांच्यापर्यंतच दुरुस्ती पोहोचत नव्हती.

आता पद्धत अशी. मुलांच्या टिपांसाठी वेगळा रकाना, आणि त्यांना आमच्या रकान्यांना हात लावू नका असं सांगितलेलं. तरी टीप लिहिली की अख्खी नोंद नवी ठरतेच, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. म्हणून मात्रांच्या डेकपुरती आयात करताना "नेहमी बदला" हा पर्याय निवडायचा. टिपा पुसल्या जातात, मुलांना ते आवडत नाही, त्यांना आधी टिपा उतरवून घ्यायला सांगतो. शिवाय दुरुस्ती झाली की पोस्टिंगच्या सकाळी तोंडी सांगायची, आणि प्रत्येकाने आपल्या फोनवर त्या कार्डाच्या तळाची तारीख वाचून दाखवायची. दोन मिनिटं लागतात. नोटिशीवर आमचा विश्वास राहिलेला नाही.

२० सप्टेंबर

स्किल्स लॅब. प्रत्येक स्टेशनवर क्यूआर कोड, स्कॅन केला की त्या कौशल्याच्या पायऱ्या आणि छोटी क्लिप.

कोड आधी एका मोफत सेवेवरून बनवले होते. तशा सेवांमध्ये कोड आधी त्यांच्या पत्त्यावर जातो आणि तिथून आपल्या पानावर. मोफतची मुदत संपल्यावर सगळे कोड एकदम मेले. लॅमिनेट करून चिकटवलेले सगळे कागद काढावे लागले. आता कोडमध्ये थेट आपल्याच पानाचा पत्ता आहे, मध्ये कुणी नाही. एरर करेक्शन 'एच' पातळीवर ठेवलं, त्यात कोडचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. स्पिरिटने पुसून पुसून शाई उडते, तिथे हे उपयोगी पडलं. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप पडून स्कॅन होत नव्हतं, ते मॅट केलं.

पण खरी अडचण कॅथेटरच्या (शरीरात घालायच्या नळीच्या) स्टेशनवर दिसली. मुलगा निर्जंतुक हातमोजे घालून उभा, पुढची पायरी आठवेना, त्याने सहज बोटाने फोन सरकवला आणि त्याच हाताने कॅथेटर उचललं. त्याच्या लक्षातही आलं नाही. आमच्या साधनानेच त्याला निर्जंतुकपणा मोडायला शिकवलं होतं, आणि सरावात लागलेली सवय वॉर्डात जाते.

त्या दिवशीच नियम बदलला. पायऱ्या हातमोजे घालण्याआधी वाचायच्या, मग फोन स्टँडवर पालथा. अडलं तर जोडीदार वाचून दाखवेल. क्लिप कामानंतर बघायची, आपण केलेलं आणि त्यातलं ताडून. जोडीदाराने त्याच फोनवर सराव चित्रित केला तर उत्तमच. आपला हात कुठे निर्जंतुक क्षेत्राबाहेर गेला हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर फार समजावावं लागत नाही.

सीपीआरच्या (हृदय थांबल्यावर छाती दाबण्याच्या) स्टेशनवर मात्र फोन करतानाही चालू ठेवतो, मिनिटाला ११० ठोक्यांचा मेट्रोनोम लावून. अपेक्षित गती १०० ते १२०. गती सुधारते, पण त्या नादात खोली कमी पडते, ५ ते ६ सेंमी जात नाही, आणि छाती पूर्ण वर येऊ देत नाहीत. ते बघायला माणूसच समोर हवा.

४ ऑक्टोबर

वॉर्डात वापर. इथे तंत्राचा प्रश्न उरला नाही, वागण्याचा आहे.

एका आजींनी राउंडनंतर सिस्टरांना सांगितलं, "ती पोरं माझ्याकडे बघतच नव्हती, मोबाइलच बघत होती." मुलं खरं तर त्यांच्याच मर्मरचं कार्ड उघडून ताडत होती. पण आजींना ते कसं कळणार? तेव्हापासून रुग्णाजवळ फोन काढायचा असेल तर आधी सांगायचं: "आजी, तुमच्या छातीचा आवाज ऐकला ना, तो यात बघून खात्री करतो." सांगता येत नसेल तर फोन खिशात, बाहेर आल्यावर बघायचं. आजींना दुसऱ्या दिवशी एका मुलीने इअरफोन देऊन तो आवाज ऐकवला. त्यांनी बराच वेळ ऐकला आणि विचारलं, "माझा असा वाजतो?" त्या दिवशी त्या पाच-सहा मुलांना मायट्रल स्टेनोसिस जेवढा कळला तेवढा कार्डांनी कळला नसता.

फोनला हात लावला की रुग्णाला हात लावण्याआधी हात स्वच्छ करायचे, दर वेळी. फोन रोज ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पुसायचा, कव्हर काढून.

फोटोंबद्दल आमचा नियम कडक आहे: वॉर्डात विद्यार्थ्याने कसलाही फोटो काढायचा नाही, एक्स-रेचाही. एका गटात एक्स-रेचा फोटो फिरला, कोपऱ्यात रुग्णाचं नाव स्पष्ट. ज्याने टाकला त्याने लगेच काढला, पण तोवर तो बाकीच्यांच्या गॅलरीत आपोआप उतरला होता आणि तिथून काहींच्या क्लाउड बॅकअपमध्ये गेला होता. ग्रुपमधून काढलं म्हणजे संपलं, असं नसतं. प्रत्येकाला बसवून दोन्ही ठिकाणांहून पुसायला लावलं. शिकवायला चित्र हवं असेल तर विभाग लेखी संमती घेऊन, विभागाच्या कॅमेऱ्याने, नाव आणि लोकेशनची माहिती काढून देईल. उशीर होतो, होऊ दे.

२ नोव्हेंबर

आजची स्थिती. आवाज, ईसीजी आणि स्लाइडचे डेक पुढच्या बॅचला जसेच्या तसे देता येतील. तपासणीचं कार्ड आणि रंगाची पट्टी काढू नका, जागा वाचते म्हणून कुणी सुचवलं तरी.

मात्रांच्या डेकमधला लहान मुलांच्या औषधांचा भाग थांबवला आहे. वजनावर मात्रा असलेली कार्डं पाठ करण्यापेक्षा प्रत्येक वेळी गणित करणं सुरक्षित, यावर आमचं एकमत झालं. बालरोग विभागातून दुसरा तपासनीस मिळेपर्यंत ती सगळी कार्डं डेकमध्ये 'सस्पेंड' (तात्पुरती बंद) आहेत.

वेळ कुठे गेला ते सांगून ठेवते, कारण सुरू करणारे सगळे उलटा अंदाज बांधतात. कार्डं लिहायला सर्वांत कमी वेळ लागला. त्याच्या कितीतरी पट चित्रं कापण्यात, आवाज पुन्हा बनवण्यात आणि मात्रा पडताळण्यात गेला. दुरुस्त्यांचं काम तर आता दर आठवड्याचं झालं आहे. रेसिडेंट जानेवारीत जाणार. त्याच्या जागी कोण, हे ठरल्याशिवाय नवा डेक हाती घ्यायचा नाही, एवढं तिघांनी लिहून ठेवलं आहे.